पाय दाबून गाडी पळत नाही

मोटारीविषयीचे माझे ज्ञान पेट्रोल कोणत्या बाजूने भरतात इथवरच आहे. गेली अठरा वर्षे मी नांदेडला मराठी शिकवतो. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापदाचा घोटाळा झाला तर तो मी निस्तरू शकतो. परंतु गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या गाडीत कर्त्याने पाय दाबला आणि क्रियापद काही येईना, तेव्हा मात्र माझी मती गुंग झाली.

मुलगी लातूरला अकरावीत होती. नांदेडात कॉलेजांची वाण नाही. पण 'लातूर पॅटर्न' म्हटले की आईबाप जागचे उठतात, तसे आम्हीही उठलो. महिन्यातल्या एका रविवारी डबे घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर अशी वाट धरायची, हा आमचा नेम झाला. त्या रविवारी दोन्ही बाजूंच्या शेतांत सोयाबीनची मळणी चालू होती आणि रस्त्यावर भुसकटाचे धुके पसरले होते. खंडोबाचे माळेगाव मागे पडले. पुढे पोत्यांनी भरलेला ट्रक होता. त्याला ओलांडायला मी बाहेर निघालो, तोच समोरून एस.टी. येताना दिसली. अंतर पुरेसे होते. मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि गाडी विचारात पडली! ओरडली नाही, आचके दिले नाहीत. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखी नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी घाईने पुन्हा ट्रकच्या मागे शिरलो. एस.टी. शेजारून निघून गेली. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. फक्त मांडीवरचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, तो लातूर येईपर्यंत सोडला नाही.

लातूरला जेवणे झाल्यावर मी मुलीच्या चाचणीचे मार्क विचारले. ते घसरले होते. "जरा जोर लाव," मी म्हणालो. ती गप्प बसली. मग विषय बदलण्यासाठी असेल, तिने गाडीची हकीकत विचारली आणि मला शिकवू लागली.

"बाबा, तुमच्या पायाचा आणि इंजिनाचा आता थेट संबंधच राहिलेला नाही. जुन्या गाड्यांत पेडलपासून झडपेपर्यंत एक तार असायची. आता पेडलपाशी दोन सेन्सर असतात. किती दाबले ते गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतात. हवेची झडप किती उघडायची ते तो ठरवतो, आणि एक छोटी मोटर ती उघडते."

"म्हणजे मी फक्त अर्ज करायचा, मंजुरी वरून यायची!"

"हो. आणि दोन सेन्सरांचे म्हणणे जुळले नाही, तर तो मुद्दामच गाडीची ताकद आवळून धरतो. पण तेव्हा समोर पिवळा दिवा लागतो."

आमचा दिवा लागलेला नव्हता.

सोमवारी स्टाफरूममध्ये चर्चासत्र भरले. एकाने सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारला. देशात २०२५ साली पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले हे खरे. परंतु अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हिशेब मांडला: इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी; म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांचा फरक. तेवढ्याने मायलेज थोडे उतरेल, गाडीची वाचा कशी बसेल? दुसऱ्याने गाडी विकून टाका म्हटले. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीचे तोंडही न उघडता अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल असे सांगून जो आकडा उच्चारला, त्याने मला सातव्या वेतन आयोगाचा विसर पडला.

शेवटी एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. "पिकअप घेत नाही," मी म्हणालो. त्यांनी हत्यार उचलले नाही, प्रश्न विचारले.

"दिवा लागला होता का, सर?"

"नाही."

"रेस दिल्यावर इंजनाचा आवाज वाढतो अन् गाडी वाढत न्हाई, असं होतं का? तसं असलं तर क्लच घसरतोय."

"आवाजच वाढत नाही."

मग त्यांनी चाके उचलून हाताने फिरवली. ब्रेक धरून बसलेला नव्हता. नंतर पेडलपाशी वाकले आणि हसले. दिवाळीत घेतलेली नवी जाड चटई आम्ही जुनीच्या वरच अंथरली होती. पेडल तळाला टेकत होते ते चटईच्या! "निम्मा अर्ज तर हितंच अडकलाय," ते म्हणाले.

उरलेला निम्मा एअर फिल्टरमध्ये होता. तो बाहेर काढून आपटला, तर दोन महिन्यांचा रस्ता आणि सोयाबीनचे भुसकट खाली पडले. "सर, रस्त्यानं जाता का शेतानं?" पुढची नळी सोडवून त्यांनी झडप दाखवली, तिच्या कडेला काजळीची काळी किनार धरली होती. चावी काढून घेऊन, त्याच कामाचा स्प्रे फडक्यावर मारून त्यांनी ती अलगद पुसली. बोटाने झडप ढकलायची नाही, आतली मोटर बिघडते, अशी मला ताकीदही दिली. मग स्कॅनर लावून कॉम्प्युटरला झडपेची नवी जागा समजावली. कारण काजळीचा हिशेब धरून चालायची त्याला सवय झाली होती. बिल झाले, त्यात पहिल्या आकड्यातली दोन शून्ये नव्हती.

"पाय दाबून काय होतंय सर," पैसे मोजता मोजता ते म्हणाले, "तिला श्वास तर घेऊ द्या."

पुढच्या महिन्यात माळेगावच्या पुढे पुन्हा एक ट्रक लागला. समोरचा रस्ता दूरवर मोकळा होता. मी खालचा गिअर टाकला, पाय दाबला आणि गाडी लगेच निघाली. सौभाग्यवतींच्या हातात डबा होताच, पण पकड सैल होती.

लातूरला या खेपेस मी मार्क विचारले नाहीत. झोप होते का, जेवण जाते का, खोलीत हवा येते का, एवढेच विचारले. मुलीने जरा चमकून माझ्याकडे पाहिले. "खिडकी आहे," ती म्हणाली, "पण तिच्यापुढे मालकीणबाईंचे कपाट आहे. बोलायचा धीर होत नव्हता." मालकीणबाई भल्या होत्या, लगेच हो म्हणाल्या. आम्ही तिघांनी मिळून कपाट सरकवले. मागे जाळी आणि धूळ इतकी होती, की मला मिस्त्रींचा फिल्टर आठवला.

त्यानंतर मार्क किती वाढले, हे वाचकांनी कृपा करून विचारू नये. मीच विचारत नाही, तर तुम्हांला कोठून सांगू?