शाळेची घाई नक्की कोणाला आहे?

मोठं मूल दत्तक घेतलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठून आणलं?" आणि दुसरा, "शाळेत घातलं का?" पहिला असभ्य आहे हे हल्ली बऱ्याच जणांना कळतं. दुसरा मात्र काळजीचा समजला जातो. माझ्या मते तो पहिल्याइतकाच वाईट आहे, आणि त्याचे परिणाम जास्त दूरवर जातात.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार ज्या जोडप्याला आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत, त्यांना नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडलं तर फक्त विशेष गरजा असलेली किंवा घर मिळणं अवघड झालेली मुलंच दत्तक घेता येतात. त्यामुळे भावंडांच्या घरात येणारं मूल पुष्कळदा पाळण्यातलं नसतं. ते चालत, बोलत, स्वतःचा भूतकाळ घेऊन येतं. 'कारा'ची यादी देशभराची, त्यामुळे भाषाही वेगळी असू शकते. पुण्यात माझ्या ताईकडे आलेली मुलगी आठ वर्षांची होती आणि ओडिया बोलायची. ताईची आधीची दोघं, दहाचा मुलगा आणि सहाची मुलगी, पहिल्यापासून घरीच शिकतात. हीसुद्धा घरीच राहिली. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, "त्या दोघांचं ठीक आहे गं, पण हिला तरी शाळेत घाल." या 'हिला तरी'मध्ये सगळं आलं. पोटची मुलं म्हणजे आईबापांचा प्रयोग आणि ही म्हणजे समाजाची ठेव, तिचा हिशेब चोख हवा!

पहिला युक्तिवाद नेहमीचा: "चार मुलांत मिसळणार कशी?" अहो, ती मिसळूनच आलेली आहे. संस्थेत वाढलेल्या मुलाला गर्दीचा तुटवडा कधीच नसतो. घंटा झाली की उठायचं, रांगेत उभं राहायचं, हजेरीला हात वर करायचा, पंगतीत जेवायचं, सगळ्यांसारखे कपडे घालायचे, हे तिला तोंडपाठ आहे. तिला कधी मिळालं नव्हतं ते एकच: फक्त आपलं असं एक मोठं माणूस, जे संध्याकाळी पाळी संपली म्हणून निघून जात नाही. आणि आपण काय सुचवतो? तर दोन महिन्यांत तिला पुन्हा घंटा, रांग आणि हजेरीच्या इमारतीच्या फाटकाशी सोडा आणि "नंतर येते हं" म्हणून पाठ फिरवा. ते 'नंतर' खरं असतं, हे तिने कशाच्या आधारावर मानायचं?

दुसरा युक्तिवाद मागे पडण्याचा. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि वर्गाच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचाही हक्क मिळतो. कलम उत्तम आहे. पण व्यवहारात पहिला अर्धा भाग तेवढा पाळला जातो. भाचीला एका शाळेत सहज म्हणून नेलं, तर तिथल्या बाईंनी मराठी उतारा पुढे ठेवला आणि कागदावर 'वाचन: शून्य' असं लिहिलं. तिला ओडिया अक्षरं येत होती. एक, दुइ, तिनि करत ती शंभरापर्यंत मोजत होती. तपासलं गेलं ते तिचं मराठी, आणि शेरा बसला तिच्या बुद्धीवर. आमच्या धंद्यात चांगला शिकलेला माणूस नव्या टीममध्ये आला, तरी त्याला जुना कोड समजून घ्यायला दोन-तीन महिने देतात, त्याला कोणी 'कोडिंग: शून्य' म्हणत नाही.

शिवाय परिसर अभ्यासातलं 'माझे कुटुंब' आहेच. वंशवृक्ष काढा, लहानपणीचा फोटो चिकटवा, आई-बाबांना विचारून तुमच्या जन्माची गंमत लिहा. शिकवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण घरी या धड्याची वेळ आपण ठरवू शकतो. वर्गात ती वेळापत्रक ठरवतं.

आता होमस्कूलिंगवाल्यांकडे वळतो, कारण त्यांच्यातल्या अनेकांना वाटतं की मूल घरी ठेवलं म्हणजे झालं. तसं नाही. भावंडांच्या घरात तुलना शाळेपेक्षा क्रूर असू शकते. शाळेतली तुलना दुपारी सुटते, घरातली जेवणाच्या ताटावरही बसलेली असते. सहा वर्षांची धाकटी घडाघडा मराठी वाचते आणि आठ वर्षांची मधली अक्षरं लावते, हे तिला दिसत नसेल? तिने धाकटीची वही फाडली, तेव्हा ताईने कोणालाच न रागावता तिघांच्याही वह्या चार महिन्यांसाठी माळ्यावर टाकल्या. मग मंडईत सुट्टे पैसे मोजणं, पीएमटीच्या पाट्या वाचणं, कुकरच्या शिट्ट्या, आणि रात्री थोरल्याने सगळ्यांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं. थोरल्याचं 'नुकसान' झालं का? त्याचे अपूर्णांक चार महिने थांबले. थांबू देत. ज्यांना वेळापत्रकाची आणि वर्कशीटची शाळाच घरात भरवायची आहे, त्यांनी खरोखर शाळेतच घालावं. तिथे निदान आई ही परीक्षक नसते.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. घरातच राहणाऱ्या मुलाला बाहेरची नजर मिळत नाही. काही चुकीचं घडत असेल तर शाळेतल्या बाईंच्या लक्षात येतं, घरात कोणाच्या येणार? खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून शाळेची सक्ती हा आळशीपणा झाला. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होते, म्हणजे एकूण चार. शाळेचा आग्रह धरण्याऐवजी पहिल्याच वर्षी दर महिन्याला या. मुलीशी एकटीशी बोला, तिची भाषा येणारं माणूस सोबत आणा. ताईच्या घरी आलेल्या समाजसेविकेने शाळेचं विचारलं, पण ती रात्री झोपते का, हे विचारलं नाही.

आणि मूल घरी ठेवायचं तर घरी कोण थांबणार? ताईने नोकरी सोडली. भावजींच्या पगारात भागतं, म्हणून सोडता आली. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दत्तक आईसाठी १२ आठवड्यांची रजा आली ती बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर. आईबापांनी स्वेच्छेने सोपवलेल्या बाळाच्या बाबतीत फेरविचाराचीच मुदत ६० दिवसांची. म्हणजे या अटीत बसणारं तान्हं बाळही विरळाच, मग आठ वर्षांच्या मुलीचं नाव कशाला काढायचं? दुधाच्या बाटलीसाठी रजा, आणि रात्री दचकून उठणाऱ्या मुलीसाठी "शाळेत घाला ना".

म्हणून मागणी साधी आहे. मूल कोणत्याही वयाचं असो, दत्तक घेणाऱ्या आईला किंवा बापाला पगारी रजा द्या. पहिलं वर्ष घरी काढायचा पर्याय नियमावलीतच लिहा, आणि शेजारच्या शाळेतली जागा त्या वर्षापुरती राखून ठेवा. विशेष प्रशिक्षण मुलाच्या पहिल्या भाषेतून सुरू करा. ज्यांना पुढेही घरीच शिकायचं आहे त्यांच्यासाठी एनआयओएस आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. भाचीने शाळेत जायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. यंदा तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "दादा जाईल तर."