दगडाचं माहेर

मैत्रिणींनो, कासाराकडे बांगड्या भरताना “माल कुठला हो?” असं आपण सहज विचारतो. तो सांगतो, फिरोझाबादचा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दागिन्याला हाच प्रश्न विचारला तर?

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव हाती लागलं, शंखाच्या दागिन्यांसकट. शंख म्हटल्यावर आपण मालवणकरणी म्हणणार, आमच्याच किनाऱ्यावरचा! तसं नाही बरं का. बांगड्या कापता येतील असा जाड शंख मुख्यतः कच्छ-सौराष्ट्राकडे आणि तमिळनाडूच्या बाजूला मिळतो. म्हणून अभ्यासकांनी सौराष्ट्राकडे बोट दाखवलं.

दगडाचं माहेर शोधणं याहून अवघड. तिथली धारदार पाती कॅल्सेडनीची, म्हणजे गारगोटीच्याच नात्यातल्या दगडाची. थंड होणाऱ्या लाव्ह्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे सिलिका साठून हा दगड झाला. काळा कातळ दख्खनभर, मग नेमका कुठला? प्रयोगशाळेत दगडातल्या अगदी चिमूटभर घटकांचं प्रमाण मोजतात. चव घेऊन ‘हा मसाला अमक्या वहिनींचा’ हे आपण ओळखतो, पण त्यासाठी वहिनींकडे आधी जेवलेलं असावं लागतं! तसेच डोंगराडोंगरांतले नमुने आधी तपासलेले हवेत. त्यातून गोटा नदीनंच वाहून आणलेला असला, तर माणूस डोंगरापर्यंत गेलाही नसेल.

आता आपल्या दाराशी या. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकण-गोव्यातल्या ९ ठिकाणांत कुडोपी आहे. सडा जांभ्याचा, आणि जांभ्याला पात्याची धार येत नाही. म्हणून अशा सड्यावर धारदार, चकचकीत कपची दिसली, की ती इथं कशी आली हे विचारण्याजोगं असतं. मुलं ती खिशात घालून आणतात आणि आपण कौतुकानं तुळशीपाशी ठेवतो. नेमकी कुठं पडली होती हे गेलं, की अर्धा पुरावा गेला. ती तिथंच राहू द्या, जागेचा फोटो काढा, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

आणि घरात सड्यावर चिरेखाण काढायचं घाटत असेल, तर आधी यजमानांना कातळ झाडून बघायला सांगा. खराटा पुरतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं, तिरप्या उन्हात रेघा चटकन दिसतात.