शटरची मोटर बदलायची का?



आज एका चेपलेल्या डब्यापासून सुरुवात करू या.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची इमारत आहे. खाली पार्किंग आणि पार्किंगला लोखंडी शटर. दुकानांना असतं ना, अगदी तसंच. फक्त हे मोटरवर चालतं. रिमोट दाबला की घरघरत वर जातं, पुन्हा दाबला की खाली येतं. सोळा बिऱ्हाडं आहेत, प्रत्येकाकडे एकेक रिमोट. मोटर बसवून चौदा वर्षं झाली.

जूनची गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमच्या इमारतीतली तिसरीतली एक चिमुरडी सायकलवरून आत येत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी गॅलरीतूनच रिमोट दाबला. खाली कोण आहे, कोण नाही, वरून दिसतंय कुठं! शटर खाली येऊ लागलं. पोरगी गडबडली, सायकल आडवी झाली. ती कशीबशी आत सटकली, पण कॅरिअरवरचं दप्तर पडलं ते नेमकं शटरखाली. शटर थांबलं का? छे! दप्तरावर येऊन टेकलं, तरी मोटर आपली फिरतेच आहे. वरच्या पट्ट्या ढिल्या होऊन फुगल्या आणि सगळा भार दप्तरावर. वॉचमनकाकांनी धावत येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. दप्तरातून निघाला तो स्टीलचा डबा, एका बाजूने पार बसलेला. पोळीभाजी मधल्या सुट्टीतच संपली होती म्हणून बरं.

सगळे हसले खरे, पण तिची आई हसली नाही. मीही नाही. दप्तराच्या जागी काय असू शकलं असतं, ते आम्हा दोघींना दिसत होतं.

रविवारी सोसायटीची मीटिंग. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "मोटर चांगली चालतेय. आवाज करते एवढंच. चालत्या गाडीला खीळ कशाला?" दुसरे काका म्हणाले, "चौदा वर्षं झाली, पुरे. काढून टाका, नवी आणा." तिसऱ्या काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा पोरांना सांगा, शटरखालून पळू नका म्हणून." (पोरांना सांगा! मी रोज चाळीस पोरांना सांगत असते. काय ऐकतात ते मला विचारा.)

मी म्हटलं, आधी नेमकं म्हातारं काय झालंय ते तरी बघू या. म्हणून सातपूरहून शटरचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी तासाभरात जे दाखवलं, ते तुम्हाला सांगायचंय.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, हे शटर वर कोण उचलतं?"

"मोटर!" आम्ही सगळे एका सुरात.

"चूक!" मिस्त्री म्हणाले. "स्प्रिंग उचलते. मोटर नुसती मदतनीस."

आमचं शटर सुमारे १० फूट रुंद आणि ८ फूट उंच. त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या. शटर वर ज्या नळीवर गुंडाळलं जातं, त्या नळीवर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली येतं तशा त्या आवळल्या जातात. चावीच्या खेळण्याला चावी देतो ना, तसं. शटर जितकं खाली, तितकं त्याचं लोंबणारं वजन जास्त आणि स्प्रिंगेचा जोरही तितकाच जास्त. म्हणजे वजन आणि जोर जवळजवळ बरोबरीत राहतात. म्हणूनच किराणा दुकानातले काका सकाळी एवढं अवजड शटर दोन हातांनी 'खडाड्' करून वर सारतात. ते काही पैलवान नसतात! आदल्या रात्री शटर खाली ओढताना स्प्रिंगेत साठवलेला जोर सकाळी त्यांना परत मिळतो.

मग मिस्त्रींनी वीज बंद केली. मोटरचा ब्रेक सोडायची एक दोरी असते, ती ओढली आणि शटर हाताने निम्म्यापर्यंत वर नेलं. "स्प्रिंग ठीक असेल, तर शटर इथंच थांबायला पाहिजे," ते म्हणाले आणि हाताचा जोर हळूहळू कमी केला. शटर थांबलं नाही. खाली घसरू लागलं.

म्हणजे बघा हं! आम्ही चौदा वर्षं मोटरीच्या नावाने खडे फोडत होतो आणि थकली होती स्प्रिंग. स्प्रिंग थकली, म्हणून मोटरवर जास्तीचा भार. म्हणून ती तापते, कण्हते, घरघरते. अशा शटरला नवी मोटर लावली असती, तर तीही लवकरच कण्हू लागली असती. आवाज जिथून येतो, दुखणं तिथंच असतं असं नाही.

इथं थांबून एक ताकीद. ही परीक्षा तुम्ही स्वतः करायची नाही. बाबांनीही नाही. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकते. शिवाय खूप मोठ्या शटरांना कित्येकदा स्प्रिंग नसतेच. बाजूला बसवलेली दणकट मोटर सगळं वजन एकटी पेलते. अशा शटरचा ब्रेक सोडला तर ते सरळ खाली कोसळेल. तेव्हा मिस्त्रींना बोलवायचं आणि आपण लांब उभं राहून बघायचं. प्रश्न मात्र भरपूर विचारायचे.

आता मोटरकडे वळू. आमची मोटर अधूनमधून नुसती 'हूंऽऽ' करायची, फिरायची नाही. मिस्त्री म्हणाले, "कंडेन्सर गेलाय." हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. पंखा मंद फिरायला लागला की वायरमन हेच म्हणतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या अशा मोटरींना फिरायला लागताना एक ढकल लागते, झोक्याला लागते तशी. ती कंडेन्सरच्या मदतीने मिळते. तो थकला की मोटर जागच्या जागी गुणगुणत बसते. पण तो बदलायला फार खर्च येत नाही. तेवढ्यासाठी कुणी आख्खा पंखा फेकून देतं का?

तिसरी गोष्ट लिमिट स्विच. शटरने वर कुठं थांबायचं आणि खाली कुठं, हे तो सांगतो. तो बिघडला होता, पण तोही बदलता येत होता. आजोबा खूश झाले. "बघा! मोटर काढायची गरजच नाही."

तेव्हा त्या चिमुरडीच्या आईने चेपलेला डबा टेबलावर ठेवला. म्हणाली, "हा परत चेपणार नाही, असं सांगा."

मिस्त्री जरा गप्प झाले. मग म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही. या मोटरला डोळाच नाही."

डोळा म्हणजे काय? शटरच्या एका बाजूला एक छोटी डबी, समोरच्या बाजूला दुसरी. पहिलीतून न दिसणारा प्रकाशकिरण निघतो, दुसरी तो झेलते. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो, त्याच जातीचा हा किरण. शटर खाली येताना मध्ये कुणी आलं की किरण तुटतो. तो तुटला की शटर लगेच थांबतं आणि उलट वर जातं. हा डोळा जमिनीपासून सहा इंचांहून उंच बसवायचा नसतो. का, ओळखा पाहू! कमरेच्या उंचीवर बसवला, तर रांगणारं बाळ त्याखालून निघून जाईल आणि डोळ्याला पत्ताही लागणार नाही.

दार आपोआप उघडायची हौस माणसाला फार जुनी आहे बरं का. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या विद्वानाने एका देवळाची युक्ती लिहून ठेवली आहे. वेदीवर अग्नी पेटवला की खालच्या बंद भांड्यातली हवा तापून फुगते, ती पाण्याला ढकलते, पाणी बादलीत जातं. जड झालेली बादली खाली जाताना दोर ओढते आणि देवळाची दारं उघडतात! अग्नी विझला की दुसऱ्या बाजूच्या वजनाने दारं पुन्हा मिटतात. लोकांना वाटत असणार, देवच दार उघडतोय.

पुढे १९२६ साली अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी मोटारींच्या गॅरेजचं दार विजेवर उचलणारं यंत्र तयार केलं. तिकडे घरोघरी गॅरेज, त्यामुळे ही यंत्रंही घरोघरी गेली. पण दाराला उघडता-मिटता आलं, तरी बघता येत नव्हतं. खाली येणाऱ्या दारांखाली सापडून तिथं अनेक लहान मुलांचे जीव गेले. अखेर १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून घरगुती वापरासाठी बनणाऱ्या अशा प्रत्येक यंत्राला, मध्ये कुणी सापडू नये अशी सोय असणं सक्तीचं झालं. पहिल्या यंत्रापासून या सक्तीपर्यंत किती वर्षं गेली? वजाबाकी तुम्हीच करा.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा आजोबांनी विचारलं, "मग याच मोटरला डोळा लावा की." प्रश्न अगदी बरोबर होता. काही मोटरींना तो लावता येतो. पण आमच्या मोटरच्या पेटीत डोळ्याच्या तारा जोडायला जागाच नव्हती.

आता हिशेब. स्प्रिंगा बदलायला ६,००० रुपये. त्या तर बदलायच्याच. जुनी मोटर दुरुस्त करायला ३,५००. डोळ्यासकट नवी मोटर, पेटी आणि रिमोट मिळून २४,०००. म्हणजे स्प्रिंगांसह नव्याचा खर्च ३०,०००. सोळा बिऱ्हाडांत वाटला तर प्रत्येकी १,८७५ रुपये. दुरुस्ती केली असती, तर प्रत्येकी सहाशेच्याही आत भागलं असतं. फरक लहान नाही. कुणाच्या घरी फी भरायची होती, कुणाचं पेन्शन तुटपुंजं. शेवटी ठरलं की ज्यांना जमेल त्यांनी आत्ता द्यावेत, बाकीच्यांनी तीन महिन्यांत.

एक आजी मात्र शेवटपर्यंत कुरकुरल्या. त्यांचं बालपण पंचवटीतल्या वाड्यात गेलेलं. म्हणाल्या, "आमच्या वाड्याचा दरवाजा केवढा होता, पण अडसर काढला की उघडला. रात्री मोठा दरवाजा बंद असला तरी त्यातल्या दिंडीतून वाकून जाता यायचं. तुमची लाईट गेली, की काय कराल?" आजींचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मिस्त्रींकडून वॉचमनकाकांना आणि चार मोठ्या माणसांना ब्रेकची दोरी ओढून शटर हाताने कसं उचलायचं, ते शिकवून घेतलं. स्प्रिंगा नव्या असल्यामुळे आजोबांनासुद्धा ते जमलं. त्यानंतर दोन दिवस ते येईल त्याला हेच सांगत होते.

जुना रिमोट मी मागून घेतला आणि वर्गात नेला. आत आठ इवल्या कळी होत्या. प्रत्येक कळ एकतर वर, नाहीतर खाली. अशा किती वेगवेगळ्या जुळण्या होतील? दोनदा दोन चार, चार दुणे आठ, असं करत मुलं आठव्या कळीपर्यंत पोहोचली, तेव्हा फळ्यावर २५६ आले. "एवढ्याच?" एकाने विचारलं. "मग चोर बसून सगळ्या करून बघेल की!" खरंच आहे. म्हणून नव्या रिमोटचा परवलीचा शब्द दर वेळी बदलतो. एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालत नाही.

नवी मोटर बसली त्या संध्याकाळी मिस्त्रींनी शटर खाली सोडलं आणि केरसुणी आडवी धरली. शटर थबकलं आणि वर गेलं. मग सगळ्या पोरांनी एकेकदा केरसुणी धरायचा हट्ट केला. मिस्त्रींनी तो पुरवला, पण रिमोट स्वतःच्याच हातात ठेवला. जाताना वॉचमनकाकांना बजावलं, "डोळ्याची काच आठवड्यातून एकदा पुसा. धूळ बसली की शटर बंदच होणार नाही." आणि गॅलरीतून रिमोट दाबायचा नाही, हा नियम सोसायटीने फळ्यावर लिहून टाकला आहे.

ती चिमुरडी अजून तोच डबा नेते. झाकण बसत नाही, म्हणून रबर लावते. आई म्हणते नवा घेऊ, तर ही म्हणते, "नको, यातली उसळ सांडत नाही आता. रबर आहे ना!"

तुमच्या दुकानाला, सोसायटीला किंवा आजोळी असं शटर आहे का? त्याला डोळा आहे का? मोठ्यांना विचारा आणि मला पत्र लिहून कळवा.

तुमच्या बाई