होडी कुणी थांबवायची?

‘पर्यटकांच्या जिवावर जगायचं आणि त्यांनाच दार लावायचं, हा कुठला न्याय?’ हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन भर समुद्रात आहेत. सिंधुदुर्गावर तर आजही काही कुटुंबं राहतात. आनंदाच्या त्या दिवसांत एका बैठकीत कुणीतरी सुचवलं की किल्ल्यावर रोज किती माणसं न्यायची, हे तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरवावं. त्यावर हे वाक्य आलं आणि बैठकीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, कोकणातल्या गावांनी वेशीवर बांबू आडवे लावले तेव्हाही मी हेच ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मला त्याचा राग येतो. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘बेट’ ठरला, त्याचं एक कारण हा राग आहे.

२०२५ हे वर्ष साधं नव्हतं. सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यात उभं पीक नेलं आणि त्याखालची मातीही नेली. आपल्या किती वाचकांच्या घरी यंदा फराळाची कढई चढली नसेल, या विचाराने अंक छापायला देताना जीव थोडा झाला. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. १५ जूनला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल सहलीच्या गर्दीसह कोसळला. या साऱ्यावर इतर अंकांत भरपूर लिहून आलं आहे. मला घारापुरीकडे जायचं आहे.

घारापुरी आपल्याला लेण्यांमुळे माहीत असते. गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास, पायऱ्या, त्रिमूर्तीसमोर फोटो, संध्याकाळच्या आत परत. पर्यटकाला तिथे रात्री राहता येत नाही, त्यामुळे बेटावरची रात्र आपण कधी पाहिलेलीच नसते. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या, वस्ती हजार-बाराशेची, तालुका उरण. लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा झाली. समुद्राखालून केबल टाकून या वाड्यांना वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली तीस वर्षं जगभरातून लोक लेणी पाहून जात होते आणि गाव काही तासांच्या जनरेटरवर दिवस काढत होतं. दुखणं बळावलं की माणसाला होडीत घालून पलीकडचा किनारा गाठायचा. रात्र असली, ओहोटी असली, वारा सुटला असला, तर काय होत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

१७ मार्च २०२० पासून पुरातत्त्व खात्याने देशभरातली आपली स्मारकं बंद केली. घारापुरीपुरता त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बेटावर येणारे बहुतेक प्रवासी मुंबईहून येतात, आणि मुंबई तेव्हा साथीत होरपळत होती. रोजी आणि रोग एकाच लाँचने येणार होते. पायऱ्यांवरच्या टोप्या-माळांच्या टपऱ्या, काकडी-कैरी विकणाऱ्या बाया, खानावळी, धक्क्यावरची छोटी गाडी, मार्गदर्शन करणारी पोरं, सगळ्यांची कमाई एका दिवसात थांबली. मासेमारी होती, थोडी भातशेती होती, पण दोन पिढ्या पर्यटनावर उभ्या राहिल्यावर जाळ्याकडे परत वळणं सोपं नसतं. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रामपंचायत येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून छोटासा कर घेते. लाँच बंद झाल्या, कर बंद झाला. फवारणीला, साबणाला, होडीच्या डिझेलला पैसा हवा होता नेमका तेव्हाच पंचायतीची पेटी रिकामी होत गेली. जी गावं पाहुण्यांवर चालतात त्यांचं दुखणं हे आहे: पाहुण्याला थांबवायला लागणारी ताकदही पाहुण्याच्याच पैशातून येते.

जुलै २०२० मध्ये केंद्राने स्मारकं उघडायला परवानगी दिली, राज्याने बरेच महिने ती महाराष्ट्रात लागू होऊ दिली नाही. राज्याचं तेव्हा बरोबरच होतं असं मला वाटतं. पण यांपैकी कुठल्याही निर्णयात बेटावरच्या ग्रामसभेला विचारणं कुणावर बंधनकारक नव्हतं. दिल्लीने उघडायचं, मुंबईने बंद ठेवायचं आणि घारापुरीने धक्क्यावर उभं राहून बघायचं. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकून १५ जण गेले, त्या आठवड्यातही बेटाचा उल्लेख ‘सहलीचं ठिकाण’ एवढाच होत राहिला. ते ज्यांचं गाव आहे त्यांनाही डॉक्टरसाठी, बाजारासाठी, कॉलेजसाठी हेच पाणी ओलांडावं लागतं, हे बातमीत कुठे आलंच नाही.

कोकणातल्या गावांचा प्रश्न याहून अवघड होता, कारण तिथे येणारा माणूस परका नव्हता. चाकरमानी घरचा माणूस. मुंबईतल्या त्याच्या पगारावर गावच्या घराची कौलं शाकारली जातात, म्हाताऱ्यांची औषधं येतात, देवळाचा मांडव उभा राहतो. २०२० ची गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींनी चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा आग्रह धरला. शेवटी राज्याने १२ ऑगस्टच्या आत पोचणाऱ्यांना दहा दिवस ठरवून दिले आणि त्यानंतर येणाऱ्यांना चाचणी. माणसं जिल्हा परिषदेच्या शाळांत राहिली, बागेतल्या मांगरात राहिली, आणि घरच्यांनी जेवणाचे डबे लांबून ठेवले. काही ठिकाणी भांडणं झाली, काही ठिकाणी स्वतःच्या भावाला वेशीवरून परत पाठवलं गेलं. हे सगळं खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण शहरातून त्यावर जे लिहिलं गेलं त्यात एक शब्द सारखा यायचा: अडाणीपणा.

आता त्याच कोकणाकडे पुन्हा पाहू. आचरे, चिंदर, वायंगणी, मुणगे या गावांत देवाचा कौल घेऊन ठरावीक वर्षांनी गावपळण होते. माणसं, गुरं, कोंबड्यांसह अख्खं गाव शिवेबाहेर जाऊन तीन दिवस-तीन रात्री राहतं आणि आत कुणी पाऊल टाकत नाही. त्यामागे जुन्या साथींची आठवण असावी असं काही जण मानतात. असो वा नसो, गाव ठरवून रिकामं करणं आणि ठरवून पुन्हा भरणं तिथल्या लोकांना शिकवावं लागत नाही. समुद्राचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतो तेव्हा पाणी पुन्हा खुलं होतं. ज्यांचं सारं वर्षच उघडण्या-मिटण्याच्या हिशेबावर चालतं, त्यांना दार कधी लावावं हे कळत नाही, असं म्हणायला आपल्याकडे काय आधार आहे?

मी हे वाघोलीत बसून लिहिते आहे. २०२० मध्ये आमची ग्रामपंचायत होती. ३० जून २०२१ ला गाव पुणे महापालिकेत गेलं. त्या वसंतात इथल्या सोसायट्यांची फाटकं ज्या वेगाने बंद झाली तो मी पाहिला आहे. घरकाम करणाऱ्या बायांना प्रवेश बंद. कचरा नेणाऱ्याने फाटकाबाहेर थांबायचं. टँकर मात्र रोज आत यायचा, कारण आमचं पाणी टँकरचं. फक्त टँकरच्या चालकाने खाली पाय टेकायचा नाही. भाड्याने राहणाऱ्या परिचारिकेला ‘थोडे दिवस दुसरीकडे बघा’ असं सांगणाऱ्या सोसायट्याही होत्या. दगडखाणीतल्या मजुरांच्या वस्त्या शेजारीच. त्यांचं काम थांबलं, धान्य संपत आलं. मे महिन्यात नगर रस्त्याने मराठवाड्याकडे, विदर्भाकडे माणसं चालत निघाली होती. फाटकांच्या आतून आम्ही ती पाहिली. काहींनी पाणी दिलं, जेवण दिलं, हेही सांगायला हवं.

यातलं काहीच कुणी अडाणीपणा म्हटलं नाही. ती खबरदारी होती. सोसायटीच्या समितीने ठराव केला की शिस्त, ग्रामसभेने केला की कोतेपणा. आणि दोघांची परिस्थिती काय होती? आमच्यापासून मोठी रुग्णालयं खराडीला, नगर रस्त्यालाच. घारापुरीपासून समुद्रापलीकडे. ज्याला उपचार जवळ होते त्याच्या भीतीचा मान राखला गेला आणि ज्याला नव्हते त्याच्या भीतीला नावं ठेवली गेली. इतकी वर्षं झाली तरी हा उलटा न्याय मला पटवून घेता आलेला नाही.

याच वाघोलीने वेगळंही करून दाखवलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने १,२०० च्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याकडे आणली. त्यांच्यासाठीचं संकुल वाघोलीत उभं राहिलं. तेव्हा हे खरोखर गाव होतं, आणि परक्या मुलांचा एवढा मोठा लोंढा इथे सामावला. त्यामुळे दार लावणं हा गावाचा स्वभाव आहे, असं मला कुणी सांगू नये. गावाला केव्हा उघडायचं तेही कळतं.

निर्णय बेटाने घ्यायचा की बाहेरच्याने, यावर किती माणसं जगतात-मरतात याचे दाखले शोधावे लागत नाहीत. लक्षद्वीपवर २०२० चं संपूर्ण वर्ष करोनाचा एकही रुग्ण नव्हता. आधी कोचीत विलगीकरण, मग चाचणी, मगच जहाज, असा कडक नियम होता. डिसेंबरअखेर नव्या प्रशासकांच्या काळात तो सैल झाला आणि नुसत्या चाचणीवर प्रवेश मिळू लागला. १८ जानेवारी २०२१ ला पहिला रुग्ण सापडला. काही महिन्यांत हजारोंना लागण झाली होती, पासष्ट हजारांच्या आसपास वस्तीच्या बेटांवर. त्याहून जुना दाखला सामोआचा. ७ नोव्हेंबर १९१८ ला ‘तालुने’ नावाचं जहाज ऑकलंडहून आपियाला लागलं. जहाजावर फ्लूचे रुग्ण होते. न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाने ते अडवलं नाही. पश्चिम सामोआतली सुमारे पाचव्या हिश्शाची वस्ती त्या साथीत गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पोयर यांनी बेट बंद केलं, किनाऱ्यावर पहारा ठेवायला लोकांनीच मदत केली, आणि तिथे या साथीने एकही माणूस दगावला नाही. लोक तेच, समुद्र तोच. न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी या प्रकाराची माफी मागितली ती २००२ मध्ये. २०२० च्या मार्चमध्ये सामोआने आपल्या सीमा मिटल्या तेव्हा त्यांना कुणी आकडेवारी समजावून सांगावी लागली नाही.

पण दार लावलं की काम संपत नाही, आणि इथे मला गावांनाही काही सांगायचं आहे. मिटलेल्या दाराच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घरांत घुसून माणसं ओढून नेत होते; तो बाहेरून लादलेला बंदोबस्त होता आणि त्याचा संताप कुठवर गेला हे आपण इतिहासात शिकलो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या माळावर आपला मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोचल्या. मुंढवा वाघोलीहून काही किलोमीटरवर आहे. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला वेगळं ठेवायला त्यांचा विरोध नव्हता. तो दवाखाना गावाबाहेर उघडला होता तो त्यासाठीच. मात्र वेगळं ठेवलेल्याला कुणीतरी जेवण, पाणी, औषध आणि हात द्यायचा असतो, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. २०२० मध्ये ज्या गावांनी शाळेत ठेवलेल्या चाकरमान्याला दोन वेळचं गरम जेवण पोचवलं, त्यांनी दार नीट लावलं. ज्यांनी त्याला रस्त्यावर सोडलं, त्यांनी नाही. आमच्या सोसायट्यांनाही हेच माप लावा; कामवाल्या बाईला प्रवेश नाकारून पगारही कापला असेल, तर त्या खबरदारीला खबरदारी म्हणू नका.

या अंकात घारापुरीवर, सिंधुदुर्गातल्या कुटुंबांवर, गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी आणि चोडण बेटांवर लेख आहेत. कथा-कविता नेहमीप्रमाणे विषयाच्या बंधनातून मोकळ्या ठेवल्या आहेत. तुम्ही इतकी वर्षं अंक हातात घेता तो त्यांच्यासाठीही, हे आम्हाला माहीत आहे. कागद महागला, जाहिराती आटल्या, तरी पानं कमी केली नाहीत.

आणि त्या बैठकीतल्या वाक्याला माझं उत्तर असं. पर्यटकांवर जगणाऱ्या माणसाने आपला जीव पर्यटकांना विकलेला नसतो. बारा किल्ल्यांच्या व्यवस्थापनाचे आराखडे आता होतील, घारापुरीचे नवे होतील. त्यांत धक्के, तिकीटघरं आणि स्वच्छतागृहं येतीलच. त्यांतच लिहून ठेवावं की साथीच्या काळात बेटावरच्या ग्रामसभेने किंवा रहिवाशांनी मागितलं तर प्रवासी होड्या थांबतील. त्या काळात पंचायतीच्या बुडालेल्या कराची भरपाई राज्य दर महिन्याला करेल. टपरीवाल्यांना, खलाशांना आणि मार्गदर्शकांना मासेमारीबंदीच्या काळापुरती तरी मदत मिळेल. आणि रुग्णासाठी एक होडी डिझेलसह, चालकासह, रात्रंदिवस धक्क्याला बांधलेली असेल. पुढची साथ कधी येईल हे कुणाच्या हातात नाही, पण या चार ओळी आराखड्यात घालायला एक बैठक पुरते. त्या बैठकीला बेटावरची माणसं बोलवा.