धुराचा अनुशेष

मुंबईच्या हमरस्त्यांवर अलीकडे एक नवी गाडी फिरताना दिसते. ट्रकवर बसवलेले तोफेसारखे नळकांडे, त्यातून उडणारे बारीक तुषार आणि मागे काही मिनिटे ओला राहणारा रस्ता. हवा सुधारण्यासाठी आलेल्या सरकारी पैशाचे हे सगळ्यांत ठळक रूप. गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या गल्ल्यांत मात्र ही गाडी शिरू शकत नाही. तिथे समोरून हंडा घेतलेली बाई आली तर भिंतीला चिकटून वाट द्यावी लागते. वस्तीला लागून १९२७पासून शहराचा कचरा पोटात घेणारे देवनारचे डम्पिंग आहे आणि थोड्या अंतरावर माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने. माहुल-अंबापाड्यातल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्येच म्हटले होते. तरी जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबांना नेऊन टाकले ते माहुललाच. ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडे द्या, असे २०१९मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले. पैसा हमरस्त्याला आणि धूर गल्लीला, ही वाटणी कुणी बैठक घेऊन केलेली नाही. हिशेबाची जी पद्धत आपण पत्करली आहे, तिच्यातून ती आपसूक होते. बदलायला हवी ती ही पद्धत.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९मध्ये सुरू झाला आणि पुढे त्यात १३१ शहरे आली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून एकट्या २०२०-२१ सालाकरता ४,४०० कोटी रुपयांची तरतूद झाली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४मध्ये या कार्यक्रमाच्या खर्चाचा ताळेबंद मांडला, तेव्हा ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीवर गेल्याचे दिसले. रस्ते पक्के करणे, खड्डे बुजवणे, झाडणारी यंत्रे, पाणी मारणे, असा तो खर्च. कारखान्यांच्या धुरावर एक टक्काही नाही. धूळ त्रासदायक नाही असे कुणी म्हणणार नाही, आणि खड्डे बुजवलेले सगळ्यांनाच हवेत. पण शहराची कामगिरी जोखली जाते ती पीएम १० या जाडसर कणांच्या सरासरीवर. फुफ्फुसात खोल उतरणारे पीएम २.५ कण मोठ्या प्रमाणात जळण्यातून येतात: कचऱ्याची आग, चूल, भट्टी, चिमणी. त्यांना या परीक्षेत गुणच नाहीत, आणि परीक्षेला नसलेला धडा कोण वाचतो? शिवाय रस्त्याचे काम पालिकेच्या हातचे, कंत्राटदार ओळखीचा, निविदेचा नमुना फायलीत तयार. वर शहरभराची एकच सरासरी काढली की मलबार हिल आणि गोवंडीची बैंगनवाडी एका आकड्यात विरघळून जातात.

महाराष्ट्राला हे गणित खरे तर नवीन नाही. १९८३मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलावर हळहळ व्यक्त करण्यात वेळ घालवला नाही. जिल्हा हा घटक धरला, रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीची राज्य सरासरी काढली आणि कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे ते रुपयांत मांडले. आकडा आला सुमारे ३,१८६ कोटी. ‘अनुशेष’ हा एरवी पोथीत शोभला असता असा शब्द तेव्हापासून एसटी स्टँडवरच्या गप्पांत आला. त्या आकड्यावरून विदर्भ-मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात भांडणे झाली, अजून होतात. पण भांडायला हातात आकडा होता. पर्यावरणाच्या पैशाबाबत गोवंडीकराच्या हातात काय आहे? वॉर्ड किंवा ग्रामपंचायत घटक धरून हवेतले कण, उघड्यावर जळणारा कचरा, चुलींची संख्या, कचरा डेपो वा चिमणीचे अंतर, दम्याचे आणि क्षयाचे रुग्ण, घरांची मिळकत यांचा एकत्र निर्देशांक काढता येतो. सरासरीच्या जितके खाली, तितका निधीवर पहिला हक्क.

असा निर्देशांक कॅलिफोर्निया राज्य गेली अनेक वर्षे वापरते आहे, तोही जनगणनेच्या लहान गटांपर्यंत उतरून. तिथे २०१२च्या कायद्याने कार्बन परवान्यांच्या लिलावातला २५ टक्के पैसा वंचित वस्त्यांच्या फायद्यासाठी राखला. पण ‘फायद्यासाठी’ हा रबरी शब्द आहे. प्रत्यक्ष त्या वस्त्यांच्या हद्दीत खर्च करण्याचे बंधन होते फक्त १० टक्क्यांचे. २०१६मध्ये कायदा बदलून तेही २५ टक्के केले गेले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने यापेक्षा मोठी घोषणा केली होती: जानेवारी २०२१मध्ये बायडेन यांनी हवामान व स्वच्छ ऊर्जेवरच्या खर्चाचे ४० टक्के लाभ अशा वस्त्यांना देण्याचे ठरवले. तो अध्यक्षीय आदेश होता. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी सत्तेवर येताच, पहिल्याच दिवशी तो रद्द केला.

नुसता कायदाही पुरत नाही, याचा दाखला चंद्रपुरात आहे. २००९च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळवून हे शहर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या पहिल्या पाचांत बसले होते. इथल्यासारख्या खाणबाधितांसाठी २०१५मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले; खाणमालकाने रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के रक्कम त्यात भरायची. पैसा कुणाचा हे कायद्यातच लिहिलेले, तरी २०२१मध्ये केंद्राला राज्यांना बजावावे लागले की हा निधी राज्याच्या तिजोरीत किंवा मुख्यमंत्री निधीत वळवू नका. किमान ७० टक्के रक्कम खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतल्या, थेट बाधित भागातच खर्चावी, हे बंधन नियमांत स्पष्ट व्हायला २०२४ उजाडले. खाणीच्या कडेला राहणाऱ्याला बाधित म्हणून ओळखायला नकाशावर एक वर्तुळ काढायचे होते, त्याला नऊ वर्षे लागली.

अशा वस्त्यांसाठी निधीचा वाटा राखण्यावर पहिला आक्षेप ठरलेला: हवेला वॉर्डाच्या हद्दी नसतात, मग पैसा एका कोपऱ्यात का ओतायचा? जानेवारी २०१६मध्ये देवनार पेटले तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. हद्दी नसतात, कबूल. पण उगम असतो. उगमावर केलेला खर्च वाऱ्याच्या दिशेने सगळ्या शहराला मिळतो, हमरस्त्यावरचे पाणी तासाभरात सुकते. दुसरा आक्षेप असा की, राखीव वाटा ठेवला की प्रत्येक नगरसेवक आपला वॉर्ड मागास ठरवून घेईल. घेईलही. म्हणून तर कण मोजणारी यंत्रे वस्तीत हवीत आणि आकडे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर.

तिसरा आक्षेप क्वचित कुणी घेते, पण मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. वस्ती स्वच्छ झाली की जागेचा भाव चढतो, आणि ज्यांनी पन्नास वर्षे धूर खाल्ला ते बाहेर फेकले जातात. देवनारच्या डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय २०२४मध्ये झाला. कचऱ्याचे डोंगर उपसण्याचा खर्च होईल तो त्यासाठी, आणि बैंगनवाडीतल्या भाडेकरूचे नाव त्या फायलीत कुठल्या पानावर आहे? तेव्हा अनुशेषाच्या पैशाला दोन अटी जोडाव्या लागतील: कामाची यादी वस्तीच्या सभेत मंजूर व्हावी, आणि आज तिथे राहणाऱ्या कुटुंबांना, भाडेकरूंसकट, तिथेच राहण्याची कायदेशीर हमी मिळावी. पहिली अट कागदावर भागवता येते. दुसरीला जमीन लागते, आणि मुंबईत जमीन सोडायला कुणी सहजी राजी होणार नाही.