स्वस्ताईची किंमत

शहराबाहेरच्या रस्त्यांवर गोदामाएवढी स्वस्त मालाची दुकाने उभी राहिली, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांचा महिन्याचा किराणाही हळूहळू तिकडे गेला. यात नवल नाही. डाळ, तेल, साबण यांवर चार पैसे खरोखरच वाचतात. पण परत येताना प्रत्येकाच्या तोंडी कुरकुर असते: ट्रॉलीला वाट नाही, विचारायला माणूस नाही, पैसे द्यायला अर्धा तास रांग. या कुरकुरीतली रास्त तक्रार कोणती, हे एकदा निवडून पाहिले पाहिजे.

ही पद्धत आजची नव्हे. पूर्वी अमेरिकेतही गिऱ्हाईक यादी देई आणि नोकर माल काढून देई. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स याने 'पिग्ली विग्ली' हे दुकान काढले आणि गिऱ्हाइकालाच फळीवरून माल उचलायला लावला. नोकरांचा खर्च वाचला. १९६२ साली सॅम वॉल्टनने रॉजर्स या गावी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले, तेही याच हिशेबावर. आपल्याकडे राधाकिशन दमाणी यांचे डीमार्ट २००२ साली मुंबईत पवईला सुरू झाले. २०२५च्या मार्चअखेर त्यांची दुकाने चारशेच्या वर गेली होती. जागा बहुतेक स्वतःच्या, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणून माल कमी भावात. नफा थोडा, खप मोठा. हिशेब चोख आहे.

माझे वडील बडोदे संस्थानच्या अखेरच्या वर्षांत कलावंत कारखान्यात नोकरीस होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. आमच्या घरी किराणा उधारीच्या वहीवर येई. वाणी माल तोली, बांधी, घरी पोचवी आणि शिकवणीचे पैसे हाती येईपर्यंत थांबे. ही कामे तो फुकट करीत नसे. ती भावात धरलेली असत. नव्या दुकानाने ती आपल्याच अंगावर टाकली आणि त्यांचे पैसे भावातून वजा केले. तेव्हा रांग, ओझे आणि शोधाशोध हीच त्या स्वस्ताईची किंमत आहे. ती आपण समजून-उमजून देतो. तिच्याबद्दल दुकानाला बोल लावता येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी मात्र वेगळ्या. मध्यंतरी अशाच एका दुकानात तेलाच्या डब्याचा भाव फळीवरच्या चिठ्ठीत एक आणि बिलात वीस रुपयांनी जास्त निघाला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सिस्टिममध्ये हाच आहे, सर." तिच्या हाती काही नव्हते, आणि ज्याच्या हाती असेल तो कुठे दिसत नव्हता. मागे पंधरा माणसे खोळंबलेली. अशा वेळी आपल्या लोकांना वीस रुपयांसाठी वाद घालणे हलकेपणाचे वाटते. आपल्या या भिडेवरच पुष्कळ गैर गोष्टी खपून जातात.

वास्तविक कायदा येथे आपल्या बाजूला आहे. बिलासाठी मोबाइल नंबर दिलाच पाहिजे असा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३च्या मे महिन्यात व्यापाऱ्यांना बजावले आहे. पिशवीचे पैसे लागतील हे माल निवडण्यापूर्वी न सांगता ते बिलात लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. पुड्यांच्या वजनांचेही तसेच. २०२१ साली नियमांत दुरुस्ती होऊन अनेक जिनसांवरचे ठराविक वजनाचे बंधन गेले. पण त्याच दुरुस्तीने पुड्यावर दर ग्रॅमची किंवा किलोची किंमत छापण्याची सक्ती आली. समजा, एक पुडा ८५० ग्रॅमचा, १७० रुपयांचा, आणि दुसरा किलोचा, १९० रुपयांचा. पहिला स्वस्त दिसतो. पण तो ग्रॅमला २० पैसे पडतो आणि दुसरा १९. चष्मा लावून ते बारीक अक्षर वाचावे. ती छापील किमतीची तुलना आहे. सवलत धरून पुन्हा हिशेब करावा. बिल दारातच तपासावे, आणि दाद न मिळाल्यास १९१५ या ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. यात कमीपणा नाही.

राहिला प्रश्न वाण्याचा. आपल्या वाड्यांतून अजून अशी वृद्ध माणसे आहेत की ज्यांना रांगेत उभे राहवत नाही, ओझे उचलवत नाही. त्यांना निरोपावर अर्धा किलो रवा घरी आणून देणारा माणूस हवा. सारी यादी मोठ्या दुकानाकडे आणि अडीअडचणीची पुडी तेवढी वाण्याकडे, असे सगळ्यांनी केले तर त्याने दुकान कशावर चालवावे? वाचलेल्या पैशांचा हिशेब मांडताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांची ही सोयही त्यात धरावी, आणि यादीतल्या चार जिनसा तरी गल्लीतच घ्याव्यात.