पडदा कोणाचा आणि वेळ कोणाची?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका अभ्यासवर्गात परवा एक प्रश्न निघाला. प्रश्न विचारणारा तरुण विडी कामगार भगिनीचा मुलगा. पुण्यातील एका संगणक कंपनीचे काम तो सोलापुरात घरी बसून करतो. लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर रोज दहा-दहा तास नजर लावून त्याची मान आखडली आहे. त्याला चौतीस इंची, रुंद आणि वक्र पडद्याचा मॉनिटर घ्यायचा आहे. दिवसा त्यावर काम करावे आणि रात्री थोडा वेळ खेळावे, असा त्याचा विचार. कोणता घ्यावा, एवढेच त्याने विचारले. त्यावर आमच्या एका ज्येष्ठ साथींनी उत्तर दिले, "ज्या घरात आई हजार विड्या वळते तेव्हा चूल पेटते, त्या घराला असली चैन शोभत नाही." वर्गात हशा पिकला. तो तरुण गप्प बसला आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळली.

त्या हशात मीही सामील होतो, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. परंतु नंतर विचार करता वाटले की, आमच्या चळवळीची एक जुनी खोड त्या उत्तरात पुन्हा प्रकट झाली आहे. कामगाराच्या हाती नवे हत्यार आले की आधी त्याला उपदेश करायचा, आणि त्या हत्याराचे पैसे कोणी भरले हा प्रश्न विचारायचाच नाही, ही ती खोड होय.

मॉनिटर ही चैन आहे काय? सोलापूरकराने तरी असे म्हणू नये. या शहराची चादर ज्या जॅकार्डवर विणली जाते, त्या यंत्राची पद्धत फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर तो खाली राहतो. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे उसनी घेतली आणि त्या कल्पनेतून पुढे संगणकाचा मार्ग निघाला. म्हणजे संगणक हा मागाच्याच कुळातला. आमच्या डिझाइन करणाऱ्या कारागिरांनी वर्षानुवर्षे चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी उतरवली. आज तेच काम ते संगणकाच्या पडद्यावर करतात. मागाला कोणी चैन म्हटले नाही. मग ज्याच्यासमोर बसून माणूस रोजची भाकरी मिळवतो, त्या पडद्याला चैन का म्हणावे?

तेव्हा खरा प्रश्न खर्चाचा आहे, आणि तो खर्च कोणावर पडतो याचा आहे. विडी कामगार स्त्रीचे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. पान, तंबाखू आणि दोरा कारखान्याचा. परंतु कात्री तिची, सूप तिचे, बसायची जागा तिची, दिव्याचे बिल तिचे आणि वाकलेली पाठही तिचीच. एवढे असूनही "या बाया आमच्या कामगार नाहीत, त्या आपापल्या घरी काम करतात," असे मालकवर्ग सांगत असे. या युक्तिवादाला १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने उत्तर दिले आणि घरी विडी वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. मालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. घर हे कामाचे ठिकाण असू शकते आणि तेथेही मालकाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या स्त्रियांनी लढून पदरात पाडून घेतले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो स्वतंत्र कायदा त्यांत विरून गेला. त्यामुळे तर हे तत्त्व आता अधिकच घट्ट धरून ठेवले पाहिजे.

आता त्या स्त्रीच्या मुलाकडे पाहा. लॅपटॉप कंपनीचा. परंतु टेबल त्याचे, खुर्ची त्याची, इंटरनेट त्याचे, वीज गेली की लागणारा इन्व्हर्टर त्याचा, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला म्हणजे फिरणारा पंखा त्याचा, आणि आता मॉनिटरही त्याचाच. पुण्याच्या कचेरीत हाच तरुण बसला असता तर टेबल-खुर्चीपासून वातानुकूलनापर्यंत सारा खर्च कंपनीने केला असता. तो वाचलेला पैसा कोणाच्या खिशात गेला? आईची कात्री आणि मुलाचा मॉनिटर यांत किमतीचा फरक आहे, संबंधाचा फरक नाही. इंग्रजी बोलणारा, महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार घेणारा हा तरुण स्वतःला कामगार मानत नाही, ही त्याची भूल. परंतु आम्हीही त्याला कामगार मानत नाही, ही आमची भूल त्याहून मोठी आहे.

करव्यवस्थाही या अन्यायाला हातभार लावते. बत्तीस इंचांहून मोठ्या मॉनिटरवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तो आता १८ टक्के झाला आहे. सवलत मिळाली म्हणून जाहिराती झळकल्या. परंतु तोच मॉनिटर कंपनीने आपल्या व्यवसायासाठी घेतला तर भरलेल्या कराची वजावट तिला मिळते आणि यंत्राचा घसाराही खर्चात धरता येतो. पगारदाराने कंपनीच्याच कामासाठी तो घेतला तर त्याला यातले काहीही मिळत नाही. वस्तू एक, काम एक. मालकाच्या नावावर ती गुंतवणूक ठरते आणि कामगाराच्या नावावर चैन! आमच्या ज्येष्ठ साथींनी नकळत याच हिशेबाची भाषा उचलली, याचे दुःख वाटते.

हे अटळ आहे असे कोणी सांगू लागेल. युरोपीय समुदायाने १९९० साली एक निर्देश काढला. पडद्यासमोर काम करणाऱ्याची बैठक, पडदा, प्रकाश यांची तपासणी मालकाने करावी, डोळे तपासून घ्यावेत, जरूर तर त्या कामापुरता चष्मा द्यावा, आणि या उपायांचा भार कामगारावर पडू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तो काढणारे भांडवलशाही देशच होते. संघटित कामगारांचा रेटा असला म्हणजे भांडवलशाहीलाही चष्म्याचे पैसे द्यावे लागतात.

राहिला खेळाचा प्रश्न. आमच्यातील काहींना कामापुरता पडदा एक वेळ चालेल. परंतु त्यावर खेळणे म्हणजे अधःपतन वाटते. त्यांनी इतिहास आठवावा. रॉबर्ट ओवेनने १८१७ साली आठ तासांचा आग्रह धरला तेव्हा आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास मनोरंजन, अशी दिवसाची वाटणी केली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० साली रविवारची सुटी मिळवली, ती काय मजुरांनी रविवारी पुन्हा उपदेश ऐकावा म्हणून? आखाडा, तमाशा, पत्त्यांचा डाव, सिनेमा यांवर कामगाराचा जेवढा हक्क, तेवढाच संगणकावरील खेळावरही आहे. खेळाच्या नावाखाली जुगाराचे दुकान मांडणाऱ्यांना विरोध जरूर करावा. खेळणाऱ्याला अपराधी ठरवू नये.

मला धोका दिसतो तो दुसरीकडे. "काम आणि खेळ, एकाच पडद्यावर" असे जाहिरातदार मोठ्या कौतुकाने सांगतात. गिरणीचा भोंगा वाजला की कामगार फाटकाबाहेर पडत असे. घरातल्या पडद्याला फाटक नाही. रात्री दहा वाजता खेळायला बसलेल्या तरुणाच्या त्याच पडद्याच्या कोपऱ्यात साहेबाचा निरोप उगवतो, आणि खेळ अर्धवट टाकून तो कामाला लागतो. पडदा रुंद झाला, तसे कामानेच पाय पसरले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झालेला नाही. विधेयके संसदेत मांडली जातात, पण ती मंजूर व्हावीत यासाठी लागणारा रेटा रस्त्यावर आणि वस्तीत तयार करावा लागतो.

आता त्या तरुणाला सरळ उत्तर दिले पाहिजे, कारण प्रश्न विचारणाऱ्याला केवळ सिद्धांत ऐकवून परत पाठवणारा पक्ष लवकरच एकटा पडतो. चौतीस इंची रुंद पडदा सुमारे ८० सेंटिमीटर लांब असतो आणि त्याची उंची साध्या सत्तावीस इंची पडद्याएवढी असते. त्यावर ३४४० गुणिले १४४० ठिपके असावेत. त्याहून कमी असतील तर अक्षर फुटते. एकोणपन्नास इंचीचा मोह टाळावा. तो म्हणजे दोन सत्तावीस इंची पडदे शेजारी मांडल्यासारखा, सुमारे १२० सेंटिमीटरचा प्रकार. आपल्या घरांत तेवढे टेबल मावत नाही आणि मान सतत डावीकडून उजवीकडे फिरत राहते. वक्रतेचा आकडा म्हणजे वर्तुळाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान तितका बाक जास्त. रुंद पडद्याच्या कडा डोळ्यांपासून दूर पडू नयेत, एवढाच बाकाचा उपयोग. १५०० किंवा १८०० पुरेसा आहे. चादरीचे पट्टे आणि सरळ रेघा काढणाऱ्या कारागिराने मात्र सपाट पडदाच घ्यावा, कारण बाकदार पडद्यावर सरळ रेघही वाकलेली भासते.

कचेरीच्या कामाला ६० हर्ट्झची गती चालते. खेळासाठी १०० ते १४४ असावी. परंतु या पडद्यावर सुमारे साडेएकोणपन्नास लाख ठिपके असतात, म्हणजे साध्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्याच्या जवळजवळ अडीचपट. ते हलवण्याइतके ग्राफिक्स कार्ड नसेल तर गतीचे पैसे वाया गेले म्हणून समजावे. ओलेड पडदा दिसायला सुंदर, पण दिवसभर एकच तक्ता उघडा राहिला तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. कामाच्या माणसाने त्याच्यामागे लागू नये. उंची कमीजास्त होणारा स्टँड मात्र अवश्य पाहावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली तर मानेचे दुखणे बरेच हलके होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, कंपनीच्या यंत्रावर खेळू नये. पडदा एक असला तरी यंत्रे दोन ठेवावीत आणि कामाची वेळ संपताच कंपनीच्या यंत्राची वायर काढून टाकावी. गिरणीचे फाटक गेले, तेव्हा फाटक आपणच बसवले पाहिजे.

परंतु खरेदीपूर्वी त्याने आणखी एक गोष्ट करावी. कंपनीला लेखी पत्र द्यावे की, हे कामाचे साधन आहे, ते तुम्ही द्या किंवा त्याचा भत्ता द्या. करोनाच्या काळात काही कंपन्यांनी असा भत्ता दिला होता, म्हणजे देणे अशक्य नाही. एकट्याच्या पत्राला केराची टोपली मिळेल. शंभर जणांनी एकत्र दिलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागेल. हे शंभर जण गोळा करणे आमचे काम आहे.

बँक आणि विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८० च्या दशकात संगणकाविरुद्ध लढे दिले. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु संगणक यायचा तो आलाच, आणि जिथे संघटना मजबूत होत्या तिथे तो कोणत्या अटींवर बसवायचा हे करारात लिहून घेतले गेले. यंत्र नको म्हणण्यापेक्षा यंत्राच्या अटी ठरवणे हीच कामगार चळवळीची शहाणी परंपरा आहे.

तेव्हा पुढच्या अभ्यासवर्गाला त्या तरुणाला पुन्हा बोलवावे, अशी मी साथींना विनंती करतो. त्याच्या आईलाही बोलवावे. घरात बसून मालकाचे काम करणाऱ्यांची संघटना कशी बांधायची, हे सोलापुरात तिच्याइतके चांगले कोण सांगू शकेल?